उभं राहण्याचं काम

माझी थोरली बहीण सव्वीस वर्षं उभी आहे. गंमत करत नाही मी, तेच तिचं काम आहे.

मी मेडिकल कॉलेजात नोकरीला, आणि आमच्या फाटकासमोर, रस्ता ओलांडला की चित्रकलेचं कॉलेज. तिथे सगळ्यात वरच्या मजल्यावर उंच खिडक्यांचा एक वर्ग आहे. त्या वर्गात गुडघाभर उंचीच्या लाकडी चौथऱ्यावर ताई उभी राहते आणि वीस-पंचवीस मुलंमुली तिच्याभोवती बसून तिला कागदावर उतरवतात. कधी अंगभर कपड्यांत, कधी नुसती चादर गुंडाळून, कधी तीही नाही. पाऊण तास उभं राहायचं, पंधरा मिनिटं सुट्टी, की पुन्हा पाऊण तास. चौथऱ्यावर खडूनं तिच्या पावलांभोवती रेघ मारून ठेवलेली असते. सुट्टीनंतर पाय बरोबर त्या रेघेत आणि मान बरोबर त्याच कोनात. मुलं तिला 'खांब' म्हणतात, तेही तोंडावर.

"त्यात वाईट काय?" ताई म्हणते. "खांबाला कधी कुणी 'नीट उभा राहा' असं सांगितलंय?"

मी मात्र नोकरीला लागल्यापासून अकरा वर्षं ही गोष्ट कुणाला कळू दिली नव्हती. मी शरीरशास्त्राच्या विभागात टेक्निशियन आहे. रक्त घ्यायचं, नळ्या फिरवायच्या, चिठ्ठ्या चिकटवायच्या. डबा खाताना कुणी विचारलंच, तुमची बहीण काय करते, तर मी म्हणायचे, "समोरच्या कॉलेजात असते." ऐकणाऱ्याला वाटायचं, ऑफिसात असेल. मी वाटू द्यायचे. खोटं बोलत नव्हते, एवढंच समाधान. आणि ते किती खोटं समाधान होतं ते मला आत कुठेतरी ठाऊकही होतं.

त्या वर्षी आमच्या मॅडमनी नवं संशोधन हाती घेतलं. मॅडम म्हणजे विभागातल्या डॉक्टर. बारीक चणीच्या, बोलण्यात झपाटा, चष्मा सतत डोक्यावर आणि सतत हरवलेला. माणूस आडव्याचा उभा झाला की शरीर आणि मूत्रपिंडं ते कसं निभावतात, हे त्यांना मोजायचं होतं. माणसाला तासभर आडवं ठेवायचं, रक्त आणि लघवी घ्यायची. मग त्याला भिंतीपासून हातभर पुढे, चटईवर पंचेचाळीस मिनिटं उभं करायचं. टेकायचं नाही, चालायचं नाही, पाय हलवायचे नाहीत. मधून मधून रक्तदाब, दर पंधरा मिनिटांनी रक्त, शेवटी पुन्हा लघवी. काही नळ्या बर्फात ठेवायच्या, काही अजिबात बर्फात ठेवायच्या नाहीत. तेवढ्या घोळावरून मी पहिल्या आठवड्यात दोनदा बोलणी खाल्ली.

स्वयंसेवक म्हणून विद्यार्थी आले. आठ जणांपैकी पाच जण उभ्या उभ्याच चक्कर येऊन पडले. एकजण तर फुटबॉलच्या संघाचा गोलकीपर, दाराच्या चौकटीत मावणार नाही असा. एकोणिसाव्या मिनिटाला तो पांढराफटक पडला, "मॅडम, दिवे का घालवले?" म्हणाला, आणि थेट माझ्या अंगावर आला. मी, तो आणि नळ्यांचा स्टँड, सगळे एकदम खाली.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "पंचेचाळीस मिनिटं गप उभं राहणारं एक माणूस मिळत नाही हो! आणि मला पन्नाशीपुढचीही माणसं हवीत. ती कुठून आणू?"

मी खाली बघून फुटलेल्या नळ्या गोळा करत राहिले.

संध्याकाळी घरी गोलकीपरची गोष्ट मी रंगवून सांगितली. आम्ही दोघी एकाच इमारतीत, ती वर, मी खाली. जेवण मात्र माझ्याकडे. ताई टेबलाशी कांदा चिरत होती. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कांद्याचं नव्हतं.

"पण पंचेचाळीस मिनिटंच?" तिनं विचारलं. "एवढ्यासाठी एवढा गोंधळ? सांग तुझ्या मॅडमना, मी येते."

"नको गं ताई."

"का?"

मी ताटं मांडायला लागले. ताईनं सुरी खाली ठेवली.

"बारके, तुला माझी लाज वाटते का गं?"

"तसं नाही..."

"मग कसं?"

मी भांडी घासायला घेतली. सोमवारी सकाळी दहा वाजता ती आमच्या विभागाच्या दारात उभी होती, केस घट्ट बांधलेले, पायात सपाट चपला. "पंचेचाळीस मिनिटं उभं राहणारं माणूस हवंय ना?" तिनं मॅडमना विचारलं. "मी त्रेपन्न वर्षांची आहे. चालेल?"

फॉर्म भरायचं काम माझ्याकडे होतं. 'व्यवसाय' या रकान्यात माझ्या हातानं आपोआप 'नोकरी' असं लिहिलं. ताईनं फॉर्म ओढून घेतला, तो शब्द खोडला आणि तिच्या मोठ्या गोल अक्षरात लिहिलं: 'मॉडेल, चित्रकला महाविद्यालय, सव्वीस वर्षं.' मग पेन माझ्या हातात परत दिलं. रागानं नाही, अगदी सहज, माझं शुद्धलेखन सुधारावं तसं.

मॅडमनी फॉर्म वाचला. चष्मा डोक्यावरून नाकावर आला. "सव्वीस वर्षं? आणि तुम्हाला कळलं कुठून आमच्याकडचं?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं नाही. काही सुचवलंही नाही. खोलीत शिपाई होता, दोन विद्यार्थी होते. मी म्हटलं, "ती माझी सख्खी थोरली बहीण आहे, मॅडम."

"अहो, मग इतके दिवस कुठे लपवून ठेवली होतीत?" मॅडम म्हणाल्या. त्यांना त्या वाक्याचा अर्थ माहीत नव्हता. मला होता.

पहिला तास आडवं पडून काढायचा होता. ताईला तोच जड गेला. "झोपायचंही नाही, उठायचंही नाही, हे काय काम झालं?" ती कुरकुरली. मग ती उठली, चटईवर गेली, दोन्ही पावलं जुळवून घेतली, नजर समोरच्या कपाटाच्या कडीवर लावली, आणि उभी राहिली.

मी अकरा वर्षं तिचं काम कधी पाहिलंच नव्हतं. रस्ता ओलांडून वर जायला पाच मिनिटं लागतात, तरी नाही. त्या दिवशी पाहिलं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. चेहऱ्यावर ताण नाही, ओठ मिटलेले, खांदे सैल. नुसती ताठ उभी असती तर वेगळं. ती त्या खोलीत अशी उभी होती की खोलीनंच तिच्याभोवती नीट बसून घ्यावं. विद्यार्थी कुजबुजायचे थांबले. पंचेचाळीस मिनिटं झाली तेव्हा मॅडमनाच घड्याळ बघायची आठवण राहिली नाही, शेवटी ताईच म्हणाली, "झाली असतील ना आता?"

नंतर मी दोन मोजपात्रं टेबलावर ठेवली. आडव्या तासाची लघवी एकशे चाळीस मिलिलिटर. उभ्या वेळेची जेमतेम पस्तीस. पाणी दोन्ही वेळा सारखंच दिलेलं.

"हे मला विचारलं असतंत तर मीच सांगितलं असतं," ताई म्हणाली. "कामाच्या दिवशी दुपारपर्यंत मला जावंच लागत नाही. घरी येऊन तासभर पडले की मात्र फेऱ्या सुरू. मला वाटायचं, शरीराला शिस्त लागलीय."

मॅडम खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. "शिस्तच आहे ती! ऐका. तुम्ही उभ्या राहिलात की अर्धा-पाऊण लिटर रक्त छातीतून खाली उतरतं, पोटात आणि पायांत. डोक्याला कमी पडायला लागतं. मानेतल्या आणि छातीतल्या रक्तवाहिन्यांना ते लगेच कळतं, आणि नसा क्षणात हुकूम सोडतात: हृदया, जोरात चाल, वाहिन्यांनो, आवळा. हे झालं पहिल्या अर्ध्या मिनिटाचं."

"आणि पुढचं?"

"पुढचं काम हार्मोन्सचं. मूत्रपिंडं रेनिन सोडतात. त्यातून रक्तात जे तयार होतं, ते वाहिन्या आणखी आवळतं आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींना जागं करतं. त्या अल्डोस्टेरॉन सोडतात: मीठ धरून ठेवा. इकडे मेंदूच्या तळाकडून व्हॅसोप्रेसिन येतं: पाणी धरून ठेवा. म्हणून लघवी कमी. आडवं झालं की रक्त परत छातीत येतं, हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात आणि हृदय स्वतःचंच एक हार्मोन सोडतं: आता भरपूर झालं, जाऊ द्या."

ताई त्या दोन मोजपात्रांकडे वाकली. "म्हणजे मी उभी असते तेव्हा आत एवढी माणसं कामाला लागलेली असतात," ती म्हणाली. "आणि मुलांना वाटतं, मी काहीच करत नाही."

दहा दिवसांनी आकडे आले. मॅडम हरखून गेल्या होत्या. त्यांनी ताईला मुद्दाम बोलावून आलेख दाखवला. "तुमची हार्मोन्स वाढली, पण किती बेतानं! विशीतल्या मुलांपेक्षा शांत. आणि पाय पूर्ण स्थिर असताना! पाय स्थिर असणं महत्त्वाचं, कारण पोटरीचा स्नायू आवळला की तो रक्त वर ढकलतो. मग शरीराला फारसं झगडावंच लागत नाही, आणि आमचं मोजमाप फुकट जातं."

ताईचा चेहरा उतरला. मी ओळखते तो चेहरा.

"मॅडम," ती म्हणाली, "मी हलले नाही. पण माझे पाय गप्प नव्हते."

"म्हणजे?"

"मी पोटऱ्या आवळते. आधी डावी, मग उजवी, मग मांड्या. बाहेरून दिसत नाही. सवयच आहे, ध्यानातही राहत नाही. तुम्ही आता सांगितलंत म्हणून कळलं."

मॅडमनी आलेखाचा कागद हळूच पालथा ठेवला. मला वाटलं, आता संपलं. मी ताईच्या कानाशी पुटपुटले, "कशाला सांगितलंस? कुणाला कळलं असतं?"

ती मोठ्यानंच म्हणाली, "चुकीचं उभं राहून मिळालेलं कौतुक मला नको."

मॅडम उठल्या, ताईसमोर चक्क जमिनीवर बसल्या आणि तिच्या पोटरीवर हात ठेवला. "करून दाखवा." ताई उभी राहिली. "डावी," म्हणाली. मग "उजवी". वरून काही हललं नाही, कपड्याची चुणीसुद्धा नाही. मॅडमचे डोळे मात्र विस्फारले.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कुणी शिकवणार? पहिल्या वर्षी दोनदा पडले. दुसऱ्यांदा एका मुलीच्या चित्रावरच पडले, महिनाभराची मेहनत गेली बिचारीची. ती रडली, मी रडले. मग ठरवलं, पुन्हा पडायचं नाही. उभ्या उभ्या शोधून काढलं."

"आणि न आवळता उभं राहता येईल? ठरवून?"

ताईनं विचार केला. "येईल. माझ्या पायांना मी सांगेन ते ऐकतात."

मॅडमनी पालथा कागद पुन्हा सुलटा केला. त्यांच्या डोक्यात नवं काही शिरलं की मला कळतं. ज्या माणसाचे पाय हुकमावर गप्प राहतात आणि हुकमावर काम करतात, त्याच माणसाला एक दिवस गप्प पायांनी आणि एक दिवस आवळत्या पायांनी मोजायचं! दुसऱ्या विभागातून त्यांनी स्नायूतली वीज टिपणाऱ्या चकत्या मागवल्या. त्या पोटऱ्यांवर चिकटवल्या की आवळलेलं सगळं पडद्यावर दिसतं. लपून काही राहत नाही.

गप्प पायांचा दिवस मी विसरणार नाही. पडद्यावरची रेघ सपाट होती, मेलेल्या पाण्यासारखी. ताई नेहमीच्याच रुबाबात उभी. पंचवीस मिनिटांनी तिनं एक जांभई दिली. बत्तिसाव्या मिनिटाला वरच्या ओठावर घाम आला. मी नाडी बघितली, धावत होती. मी तिच्याकडे पाहिलं: एकदा आवळ ना गं, एकदाच! पण रेघ सपाटच राहिली. अडतिसाव्या मिनिटाला ती शांतपणे म्हणाली, "आवाज लांबून यायला लागलेत. आता मला आडवं करा."

आम्ही तिला निजवलं, पाय उशीवर ठेवले. रक्तदाबाचा पट्टा तिला निजवता निजवताच फुगत होता. तिचं वाक्य झाल्यावर त्यावरचा आकडा घसरला, आधी नाही. थोड्या वेळानं गालांवर रंग आला, आणि डोळ्यांत पाणी.

"पहिल्या वर्षी पडले तेवढं सोडलं, तर उभं राहणं कधी अर्धं सोडलं नव्हतं मी," ती म्हणाली.

मॅडम तिच्या उशाशी वाकल्या. "आजवर जे पडले त्यांच्यापैकी एकानंही आधी सांगितलं नाही. तुम्ही यंत्राच्या आधी सांगितलंत. सात मिनिटं राहिली म्हणून वाईट वाटून घेऊ नका, बाई, तुमचं ते आधी सांगणंच तर मला हवं होतं."

आवळत्या पायांचा दिवस त्यानंतरच्या आठवड्यात. पडद्यावर डावी-उजवी, डावी-उजवी, घड्याळासारखे उंचवटे. पंचेचाळीस मिनिटं पूर्ण झाली आणि ताईनं विचारलं, "अजून थांबू का?"

आकडे आले तेव्हा ते मीच पहिल्यांदा वाचले. गप्प पायांच्या दिवशी रेनिन चढतच गेलं होतं आणि शेवटच्या नळीत व्हॅसोप्रेसिननं उसळी मारली होती. शरीर हाताशी असेल ते सगळं घेऊन लढत होतं. आवळत्या पायांच्या दिवशी तीच हार्मोन्स वाढली होती, पण निम्म्यानंच. बाई तीच, चटई तीच, खोली तीच. मी तो कागद घेऊन धावत जिना उतरले, रस्ता ओलांडला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या उंच खिडक्यांच्या वर्गात शिरले. ताई चौथऱ्यावर होती. मुलांनी वळून पाहिलं. ती मात्र मान न वळवता म्हणाली, "बारके, अजून वीस मिनिटं आहेत. तिथे स्टुलावर बस."

मी बसले. वीस मिनिटं मी तिच्याकडे आणि मग एकेका कागदाकडे पाहत होते. वीस कागदांवर माझी ताई होती, आणि एकावरही ती दमलेली नव्हती.

दोन महिन्यांनी मॅडमचं व्याख्यान झालं, कॉलेजच्या मोठ्या सभागृहात. बाहेरगावाहूनही डॉक्टर आले होते. अहवालात ताईचं नाव नव्हतं, नियमच तसा. ती होती 'स्वयंसेविका क्रमांक नऊ'. ताई आणि मी सातव्या रांगेत. पडद्यावर दोन रेघा आल्या, एक चढी, एक मवाळ. ताईनं माझा हात दाबला. "दोन्ही मीच ना?" "दोन्ही तूच."

प्रश्नांच्या वेळी पुढच्या रांगेतून एक वयस्क डॉक्टर उठले. मूत्रपिंडांच्या आजारांतलं मोठं नाव. "आलेख सुंदर आहेत," ते म्हणाले, "पण माझा विश्वास बसत नाही. कुणीही माणूस सांगितल्याबरहुकूम पोटऱ्या इतक्या पूर्णपणे सैल ठेवू शकत नाही. आपोआप आवळल्या जातात त्या. तुमच्या चकत्या नीट चिकटल्या नसतील."

मॅडम उत्तर द्यायला पुढे झाल्या. त्याआधीच माझ्या शेजारची खुर्ची वाजली.

"डॉक्टरसाहेब," ताई म्हणाली, "क्रमांक नऊ मी आहे. येऊन हात लावून बघा."

सभागृहात हशा पिकला. म्हातारे डॉक्टरही हसले, पण मागे हटले नाहीत. ताई मंचासमोरच्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिली. पावलं जुळवली, नजर समोर. डॉक्टरांनी एक गुडघा टेकला, परवानगी विचारली आणि तिच्या पोटरीवर हात ठेवला.

"आता सैल आहे," ताईनं सांगितलं. "आता आवळते. आता सैल. आता फक्त उजवी."

त्यांनी तेच तिला पुन्हा चार-पाचदा करायला लावलं. मग सभागृहाकडे वळून म्हणाले, "मी प्रश्न मागे घेतो." आणि ताईला: "बाई, चाळीस वर्षं मी मूत्रपिंडांचा डॉक्टर आहे. माझ्याकडे रोज माणसं येतात, उभं राहिलं की ज्यांच्या डोळ्यांपुढे अंधार येतो. मी त्यांना गोळ्या देतो, मीठ-पाणी सांगतो. त्यांना हे शिकवाल?"

"शिकवीन की," ताई म्हणाली. "पण आधी तुम्ही उठा. फार वेळ गुडघ्यावर बसून एकदम उठलात तर तुमच्याच डोळ्यांपुढे अंधार येईल. हळू. हं, उठायच्या आधी पोटऱ्या आवळा."

त्यांनी आवळल्या. मग हळूहळू उठले. आणि टाळ्या ज्या सुरू झाल्या त्या कितीतरी वेळ थांबेचनात. माझ्या शेजारी कुणी अनोळखी बाई होत्या. "कोण हो या?" त्यांनी विचारलं. "माझी ताई," मी म्हटलं. मी नुसत्या टाळ्या वाजवत राहिले, तळहात लाल होईपर्यंत.

आता दर बुधवारी सकाळी आमच्या दुसऱ्या मजल्यावर ताईचा वर्ग असतो. सहा-सात जण येतात. लांबलचक आजारातून उठलेली एक केस कापणारी बाई आहे. सुरुवातीला अकरा मिनिटांत खुर्ची धरायची. परवा ती सांगत होती की आता दोन गिऱ्हाइकं लागोपाठ उभ्यानं करते. ताई तिच्याभोवती फेरी मारते, खांदे सैल करते, हनुवटी वर उचलते.

"डावी," ती म्हणते. "आता उजवी. आणि चेहरा कसा ठेवायचा? जसं काही चाललंच नाही."